उंची दिसते, वय दिसत नाही



गेल्या महिन्यात आमच्या भाच्याने अमेरिकेतून मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. तो तिकडे दक्षिणेकडच्या एका राज्यात शिकायला गेला आहे. अभ्यासाइतकेच आता त्याला तिथल्या कॉलेज फुटबॉलचे वेड लागले आहे. चित्रफितीत एक कृष्णवर्णीय मुलगा चेंडू काखेत दाबून पळत होता. सहा फूट तीन इंच उंची, लांब टांगा. समोरचे तिघे-चौघे धरायला आले आणि हात चोळत मागे राहिले. खाली भाच्याने लिहिले होते, “मावशी, हा पोट्टा पाहा. शाळेतून आत्ताच आमच्या कॉलेजात आला. पहिल्याच वर्षी हजार यार्ड नक्की. सगळे म्हणतात, हा दुसरा डेरिक हेन्री!”

आम्ही ती चित्रफीत तीनदा पाहिली. भाच्याला त्याची धाव दिसत होती. बरीच वर्षे अस्थिरोग वॉर्डात काढल्यामुळे आमची नजर मात्र त्याच्या गुडघ्यांवर गेली. आम्ही विचारले, “वय काय रे त्याचे?” उत्तर आले, “अठरा.”

तेव्हापासून हा मुलगा आमच्या डोक्यातून जात नाही. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण त्याच्यावर आधीच पुष्कळ लोकांचे डोळे आहेत. आरोग्याच्या पानावर खेळाचा विषय कशाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की अपेक्षा हासुद्धा शरीरावर पडणारा भार आहे. रक्तदाबाच्या यंत्रात तो दिसत नाही. पण दुखणे लपवून मैदानात उतरणाऱ्या, थांबायला हवे तेव्हा न थांबणाऱ्या मुलात तो स्पष्ट दिसतो. म्हणून आमचे मत सुरुवातीलाच सांगतो: या मुलाकडून पहिल्या वर्षी लोक जेवढे मागत आहेत, त्याच्या निम्मेही मागू नये. यात त्याच्या गुणांवर अविश्वास नाही. त्याच्या शरीराला लागणारा वेळ त्याला मिळावा, एवढेच म्हणणे आहे.

हा खेळ कसा असतो

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथे चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. मैदान १०० यार्डांचे. एक यार्ड म्हणजे जवळपास ९१ सेंटिमीटर. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचे असते. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात.

क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू हातात घेतो आणि कधी लांब फेकतो, कधी मागे उभ्या असलेल्या गड्याच्या पोटाशी देतो. तो गडी म्हणजे रनिंग बॅक. त्याने समोरच्या भिंतीत फट शोधून घुसायचे. त्या भिंतीत एकशे तीस-चाळीस किलो वजनाची माणसे असतात. आपल्या कबड्डीतला चढाईपटू निदान एकटा जातो आणि चपळाईने परत येतो. रनिंग बॅकला परत यायचे नसते. जवळजवळ प्रत्येक धाव कुणीतरी त्याला आडवे करूनच संपते. म्हणजे २० वेळा चेंडू दिला, तर जवळपास २० वेळा जमिनीवर आपटणे आले. त्यावर पोरगा उठून उभा राहिला की लोक टाळ्या वाजवतात. आत काय झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताना त्यालाच कळते.

कॉलेजात पहिल्या वर्षी आलेल्याला तिकडे फ्रेशमन म्हणतात. शाळेत तो आपल्याच वयाच्या पोरांशी खेळत होता. त्यात निम्मी त्याच्यापेक्षा वीतभर बुटकी. इथे समोर २१, २२, २३ वर्षांचे गडी. तीन-चार वर्षे कॉलेजच्या व्यायामशाळेत घडलेले. सामना बघायला कुठे कुठे लाखभर माणूस बसते. अलाबामा विद्यापीठाच्या स्टेडियमचीच क्षमता सुमारे एक लाख आहे.

उंच आहे म्हणजे तयार आहे असे नाही

वॉर्डात आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. उंच मुलाला सगळे मोठा समजतात. डॉक्टर त्याच्याशी मोठ्या माणसासारखे बोलतात, नातेवाईक म्हणतात, “एवढा घोडा झाला, रडतो काय?” उंची चटकन डोळ्यांत भरते. वय काही अंगावर लिहिलेले नसते.

शरीराचा हिशेब असा आहे. मुलांची उंची साधारण १६ ते १८ वर्षांपर्यंत वाढते, काहींची त्यानंतरही वर्ष-दोन वर्षे. हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, तिथून हाड लांब होते. हाड आधी लांब होते आणि नंतर भरत जाते. हा भरणा विशीच्या उत्तरार्धापर्यंत चालू राहतो. म्हणजे अठराव्या वर्षी जे लांबलचक हाड आपल्याला दिसते, ते अजून पूर्ण पक्के झालेले नसते. स्नायूंचेही तसेच. उंची थांबल्यावर अंग भरायला लागते.

यात आणखी एक मेख आहे. व्यायाम सुरू केला की स्नायू काही आठवड्यांत फुगतात आणि आरशात दिसतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारे टेंडन आणि हाडाला हाडाशी बांधणारे लिगामेंट यांना रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ते सावकाश मजबूत होतात. पोरगा चार महिन्यांत आठ-दहा किलोंनी वाढतो, सगळे वाहवा करतात, आणि त्या वाढलेल्या वजनाचा ताण अजून तयार न झालेल्या दोऱ्यांवर पडतो.

उंचीचे स्वतःचेही गणित असते. उंच माणसाचा तोल वरच्या बाजूला असतो. पाय लांब, म्हणून गुडघ्यावर बाजूने धक्का बसला तर त्या लांब दांड्याची तरफ होते आणि सांध्यावरचा ताण वाढतो. पळता पळता एकदम दिशा बदलायची तर लांब पायाला अधिक रोखावे लागते. शिवाय उंच मुले ताठ पळतात. ताठ पळणाऱ्याची छाती आणि मांड्या समोरच्याला आयत्या मिळतात. म्हणून प्रशिक्षक सतत ओरडत असतात, “खाली वाक, खांदे खाली घे.” वाकून पळणे म्हणजे नुसती मान घालणे नव्हे. घोटा, गुडघा, कंबर तिन्ही एकदम वाकवून वेग टिकवायचा. हे अंगवळणी पडायला महिने लागतात, कधी वर्षे.

याचा अर्थ उंच मुलाने या जागी खेळूच नये असा नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये आजवर सर्वाधिक धावलेला एमिट स्मिथ पाच फूट नऊ इंचांचा. त्याच्या नावावर १८,३५५ यार्ड आहेत. पण एका हंगामात सर्वाधिक, म्हणजे २,१०५ यार्ड धावण्याचा १९८४ चा विक्रम एरिक डिकरसनचा, आणि तो सहा फूट तीन इंच! तेव्हा उंचीला दोष नाही. उंच शरीराला आपले हात-पाय ताब्यात आणायला जास्त दिवस लागतात, हे मात्र खरे.

खरा डेरिक हेन्री पहिल्या वर्षी काय करत होता?

भाच्याने ज्याचे नाव घेतले त्याचीच गोष्ट पाहू. डेरिक हेन्री फ्लोरिडातल्या युली नावाच्या लहान गावचा. आजीने वाढवलेला. उंची सहा फूट तीन इंच. शाळेत चार वर्षांत तो १२,१२४ यार्ड धावला. किलोमीटरमध्ये सांगायचे तर अकरा किलोमीटर, तेही अंगावर माणसे पडत असताना! १९५३ पासून कुणी न मोडलेला राष्ट्रीय शालेय विक्रम त्याने मोडला. त्याच्याएवढी कीर्ती घेऊन कॉलेजात येणारे फार थोडे.

२०१३ मध्ये तो अलाबामात आला आणि पहिल्याच वसंतात सराव करताना पाय मोडला. त्या वर्षीच्या संपूर्ण हंगामात त्याला चेंडू किती वेळा मिळाला? ३५ वेळा. यार्ड ३८२. त्यातल्या आठ धावा आणि १०० यार्ड तर हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यातले, जानेवारी २०१४ मधले. तोवर लोक कुजबुजत होते, की शाळेतला वाघ इथे चालत नाही, फार उंच आहे, याला दुसऱ्या जागी खेळवा. दुसऱ्या वर्षी त्याने दुसऱ्या एका गड्याबरोबर भार वाटून घेतला आणि ९९० यार्ड केले. तिसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, २,२१९ यार्ड, २८ टचडाउन आणि कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च हाइजमन पुरस्कार. पुढे व्यावसायिक खेळात २०२० साली २,०२७ यार्ड. वयाच्या तिशीत, जेव्हा या जागेवरचे बहुतेक गडी निवृत्त झालेले असतात, तेव्हा २०२४ मध्ये १,९२१ यार्ड.

आता सांगा, भाचा ज्याला “दुसरा हेन्री” म्हणतो त्याच्याकडून पहिल्या वर्षी किती मागायला हवे? खऱ्या हेन्रीचे उत्तर ३८२ आहे, हजार नव्हे. नाव घ्यायचे हेन्रीचे आणि घाई करायची भलतीच, हा हिशेब जुळत नाही.

दुसरी गोष्ट

मार्कस लॅटिमोर दक्षिण कॅरोलायनाचा. उंचीने हेन्रीपेक्षा कमी, सहा फुटांच्या आसपास, पण गुणांनी तसाच गाजलेला. तो २०१० मध्ये कॉलेजात आला. कारकिर्दीच्या दुसऱ्याच सामन्यात त्याच्या हाती ३७ वेळा चेंडू दिला गेला. त्याने १८२ यार्ड केले. नोव्हेंबरात एका सामन्यात ४० वेळा. पहिल्या वर्षाचा हिशेब २४९ धावा, १,१९७ यार्ड, १७ टचडाउन. राज्यभर त्याचा जयजयकार झाला.

ऑक्टोबर २०११ मध्ये डाव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम करून तो परतला. ऑक्टोबर २०१२ मध्ये उजवा गुडघा जागेवरून निखळला आणि एकाहून अधिक लिगामेंट तुटले. तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडूसुद्धा मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. दोन दिवसांनी त्याला २१ वर्षे पूर्ण व्हायची होती. २०१३ मध्ये एका व्यावसायिक संघाने त्याला घेतले, पण एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये तो निवृत्त झाला.

पहिल्या वर्षीच्या भारामुळेच पुढचे सारे घडले, असे आम्ही म्हणणार नाही. गुडघ्याला एक वाईट धक्का पहिल्या धावेतही बसू शकतो आणि तीनशेव्या धावेतही. पण परिचारिका म्हणून एवढे नक्की म्हणू: प्रत्येक धाव म्हणजे धोक्याची एक चिठ्ठी उचलणे. अठराव्या वर्षी ज्याला २४९ चिठ्ठ्या उचलायला लावल्या आणि ज्याला ३५, त्या दोघांचे वर्ष सारखे नव्हते.

कुणी म्हणेल, काहींनी पहिल्याच वर्षी मैदान मारले त्याचे काय? खरे आहे. जॉर्जियाच्या हर्शेल वॉकरने १९८० मध्ये पहिल्याच वर्षी १,६१६ यार्ड केले आणि त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने २००४ मध्ये १,९२५ केले. असे गडी असतात. पण त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत ती ते अपवाद आहेत म्हणूनच. आणि त्या पीटरसनलाही पुढच्या वर्षी घोट्याने आणि त्याच्या पुढच्या वर्षी गळ्याजवळच्या हाडाने बाहेर बसवले. अपवादाला नियम करून बाकीच्या पोरांना त्याच मापाने मोजणे हे क्रूर आहे.

पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे

आता जे सांगतो ते आमच्या मते या लेखातले सर्वांत महत्त्वाचे आहे. नव्या खेळाडूला धोका फक्त सामन्यात नसतो. सामने सुरू होण्याआधीच्या उन्हाळी सरावात तो मोठा असतो, कारण तेव्हा नवा मुलगा स्वतःला सिद्ध करायला धावत असतो. धाप लागली तरी थांबत नाही. थांबलो तर म्हणतील, नुसतीच उंची आहे.

सप्टेंबर २००६ मध्ये टेक्सासच्या राइस विद्यापीठात डेल लॉइड हा १९ वर्षांचा, पहिल्या वर्षाचा खेळाडू सरावात कोसळला. १०० यार्डांच्या सोळा धावा लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या रक्तात सिकलसेलचा एक दोषी जनुक होता, म्हणजे तो वाहक होता. त्याच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली आणि तडजोडीनंतर २०१० पासून तिथल्या वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांमध्ये नव्या खेळाडूची सिकलसेल स्थिती पाहण्याचा नियम आला. एका मुलाच्या मृत्यूनंतर आलेला हा नियम आहे.

२०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा, चांगला उंच खेळाडू सरावात उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये वारला. उष्माघातात पहिल्या काही मिनिटांत शरीर बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करायचे असते. ते वेळेवर झाले नाही. पुढे विद्यापीठाने आपली जबाबदारी मान्य केली.

सिकलसेल हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजातही तो लक्षणीय प्रमाणात आहे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या अमेरिकन वंशजांतही आहे. म्हणून डेल लॉइडची गोष्ट आपल्या घरचीच समजा. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो. पण ऊन, कमी पाणी आणि न थांबता जीव तोडून धावणे हे तिन्ही एकत्र आले की त्याच्याही लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, स्नायू विरघळू लागतात आणि मूत्रपिंड व हृदयावर ताण येतो.

ओळखायचे कसे? साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस कळवळून ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात पाय लुळे पडतात, स्नायू हाताला मऊच लागतो, मुलगा हळूहळू खाली बसतो आणि म्हणतो, “पायात जीव नाही.” त्याला “ऊठ, नाटक करू नको” म्हणू नये. तिथेच थांबवावे, सावलीत न्यावे, जमल्यास ऑक्सिजन लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा. वाहकाने खेळू नये, असे मुळीच नाही. भार हळूहळू वाढवणे, मध्ये विसावा, भरपूर पाणी आणि “थांबतो” म्हणायची मोकळीक एवढे दिले तर तो सर्व खेळ खेळू शकतो. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ही रक्ततपासणी करून घ्यावी आणि कार्ड लपवू नये.

घाई कुणाची, शरीर कुणाचे

रनिंग बॅकच्या जागेवर बहुतेक कृष्णवर्णीय मुले असतात, त्यातली अनेक गरीब घरची. त्यांच्या खेळावर विद्यापीठे, दूरचित्रवाणी कंपन्या आणि प्रशिक्षक वर्षानुवर्षे कोट्यवधी डॉलर कमावत आले. जुलै २०२१ पर्यंत मात्र त्या मुलांना स्वतःच्या नावावर, स्वतःच्या छायाचित्रावर चार पैसे मिळवण्याचीही मनाई होती. आता ती उठली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजे थेट पैसेही देऊ शकतात. श्रमाला दाम मिळू लागला, हे चांगलेच झाले.

पण पैशाबरोबर अपेक्षाही वाढली. पूर्वी लोक म्हणत, “पोरगा आहे, शिकेल.” आता म्हणतात, “एवढे पैसे घेतो, मग दाखव.” सामना हरला की मोबाइलवर शिव्यांचे संदेश जातात, तेही अठरा वर्षांच्या मुलाला. त्याच्या घरी आई किंवा आजी त्याच्या पायांकडे डोळे लावून बसलेली असते, कारण सगळ्या घराची आशा त्या दोन गुडघ्यांवर असते. असा मुलगा डोके गरगरले तरी डॉक्टरला सांगत नाही. घोटा सुजला तरी पट्टी घट्ट बांधतो. आम्ही वॉर्डात विचारायचो, “इतके दिवस दुखत होते तर आला का नाहीस?” उत्तर ठरलेले: “सांगितलं असतं तर बसवलं असतं.”

घाई प्रेक्षकाला असते, प्रशिक्षकाला असते, पैसा लावणाऱ्याला असते. गुडघा मात्र त्या एकट्या पोराचा असतो. रनिंग बॅकची कारकीर्द या खेळात फार आखूड असते. संघ पुढच्या वर्षी नवा मुलगा आणतो, पण गुडघा काही नवा आणता येत नाही.

मग अपेक्षा किती आणि कशाची ठेवावी?

नुसते “धीर धरा” म्हणून चालत नाही, हे आम्हाला कळते. चाहत्याला काहीतरी बघायला हवे असते. म्हणून भाच्याला जे लिहून पाठवले तेच इथे देतो.

१. पहिल्या वर्षी यार्ड मोजू नकोस, तो किती आठवडे न दुखावता सराव करतो ते मोज.

२. एका सामन्यात त्याच्या हाती आठ-दहा वेळा चेंडू गेला तर पुष्कळ झाला. भार वाटून घेणारा अनुभवी गडी संघात असेल तर आनंद मान. त्याने या पोराची जागा अडवलेली नसून त्याचे पाय वाचवले आहेत.

३. चेंडू हाती नसताना तो काय करतो ते बघ. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अडवणे हे रनिंग बॅकचे अर्धे काम आहे आणि नव्या मुलांना तेच सर्वांत उशिरा येते. कुणाला अडवायचे हे क्षणात ओळखावे लागते. ते न येता मैदानात उतरवला तर तो स्वतःही दुखावतो आणि दुसऱ्यालाही.

४. तो वाकून पळायला शिकतोय का ते बघ. सप्टेंबरातली आणि नोव्हेंबरातली धाव शेजारी शेजारी ठेव. खांदे वीतभर खाली आले असतील तर ते शंभर यार्डांपेक्षा मोलाचे समज.

५. त्याला वर्षभर राखून ठेवले तर कमीपणा मानू नकोस. तिथल्या नियमानुसार २०१८ पासून नवा मुलगा चार सामन्यांपर्यंत खेळूनही आपले वर्ष शिल्लक ठेवू शकतो. चार सामने चव घ्यायला पुरे आहेत. बाकीचे वर्ष जेवण, झोप, व्यायाम आणि अभ्यासाचे.

६. डोक्याला मार लागून गरगरले, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरता कामा नये, मग सामना कितीही मोठा असो. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर नऊ महिन्यांआधी परतण्याची घाई नको. लवकर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता बरीच जास्त असते.

७. आणि तुझ्या हातात आहे ते तू कर. तो पडला, चेंडू सुटला, सामना गेला, तरी त्याला शिवी लिहू नकोस. तुझ्याच वर्गात बसणारा, तुझ्यापेक्षा लहान मुलगा आहे तो.

भाच्याने दोन दिवस उत्तर दिले नाही. मग फोन आला. म्हणाला, “मावशी, तू तर सगळी मजाच घालवलीस.” आम्ही हसलो. मजा घालवायची नव्हती. आवडते रोप पहिल्याच वर्षी फळले नाही म्हणून कुणी त्याला हलवून बघत नाही. त्याला पाणी घालतो आणि कुंपण करतो. या पोरालाही आत्ता कुंपणाची गरज आहे.

भाचा म्हणाला, “मग काय म्हणू पोरांना? किती यार्ड करील?”

आम्ही म्हटले, “खऱ्या हेन्रीने केले तेवढे म्हण. तीनशे-चारशे. त्याहून कमी झाले तरी गप्प बस. हंगाम संपेल तेव्हा मला एवढेच कळव, की पोट्टा मैदानातून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला. बाकीचे आपण त्याच्या तिसऱ्या वर्षी बोलू.”

तो कळवतो म्हणाला आहे. आम्ही वाट पाहत आहोत.